तळ्यातला ओटा

आठही ड्रम तरले, वरच्या फळ्या कोरड्याच राहिल्या, तेव्हा कुठे तोतारामने दातांत धरलेली सुतळी सोडली.

केळीच्या बागेला पाणी पुरवणारं त्याचं शेततळं काळ्या प्लास्टिकच्या कागदाचं. त्यात खांब रोवायला जावं तर कागद फाटतो आणि तळं दोन दिवसांत रिकामं. म्हणून त्याने खताचे निळे ड्रम जमवले, केळीला टेकू द्यायचे बांबू त्यांवर आवळले आणि बांबूंवर फळ्या ठोकल्या. दोन दोर कुंपणाच्या खांबांना बांधले. बांधावरून ओट्यावर उतरायला शिडी लावली. त्याचा थोरला चुलतभाऊ मोतीलाल सकाळपासून मदतीला होता आणि सकाळपासून एकच विचारत होता, की यावर बसून करणार काय? तळ्यात मासे नाहीत, होडी नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं त्याचं दोनदा म्हणून झालं होतं.

तोतारामने त्याला काही सांगितलं नाही. आज अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. गावातल्या सगळ्या सुना माहेरी गेल्या होत्या. त्याची सून नूतनही धरणगावला गेली होती. तिची पिशवी बेबाबाईने, म्हणजे तोतारामच्या बायकोने, स्वतःच्या हाताने भरली होती, वर सांजोऱ्यांचा डबा ठेवून. बेबाबाईला मात्र माहेर उरलं नव्हतं. तापीकाठचं तिचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, भाऊ सुरतेला पांगले. ती कधी कुरकुरली नाही. अखाजीला झोक्यावरची गाणी सुरू झाली की फक्त स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. ते लोटलेलं दार तोतारामच्या मनाला दरवर्षी लागायचं. आणि गेल्या अखाजीला ती दाराआडून एकदाच बोलली होती, की पाय सोडून बसावं असं पाणी आता कुठंच नाही. घरचं तळं होतं, पण त्याच्या कागदावरून पाय घसरला तर माणूस वर येत नाही. तिकडे कुणी फिरकत नसे.

ऊन उतरल्यावर तो तिला घेऊन आला. मोतीलाल थोरला दीर, म्हणून तिने पदर कपाळापर्यंत ओढलेला. तोतारामने हात धरून तिला शिडीवरून उतरवलं आणि स्वतः बांधावर परतला. ती बसली. पाय पाण्यात सोडले. ओटा थोडा डोलला आणि थांबला.

तोताराम तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ओटा चांगला झालाय, मजबूत आहे, असं ती म्हणाली. सुनेने आणलेल्या साडीला चांगली म्हणावं तसं म्हणाली. मग उजवीकडे बघत बसली. तिकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं; सूर्य डावीकडे होता. थोड्या वेळाने तिने पाय वर घेतले.

"काय व्हयनं?" तोतारामने विचारलं.

"काही नही. आमना घाटवर दिन उजवा हातले बुडे."

पाच-सहा अखाजींना तोताराम तिला आणायला त्या गावी गेला होता. पण जावई म्हणून ओसरीत बाजेवर बसायचा, चहा यायचा, पान यायचं. घाट बायकांचा, जावयाने तिकडे जायची रीत नव्हती. सूर्य तिच्या कुठल्या हाताला बुडतो हे त्याला कोण सांगणार होतं? ओटा त्याने पाण्याच्या मोटारीच्या बाजूला बांधला, कारण तिकडे सावली होती.

त्याने तिला वर घेतलं आणि दोर सोडायला लागला. राहू द्या, चांगला आहे, असं ती म्हणत होती. मोतीलालही म्हणत होता, की उद्या बघू. तोतारामने कुणाचं ऐकलं नाही. उद्या अखाजी नव्हती. दोघा म्हाताऱ्यांनी एकेक दोर धरला आणि बांधावरून चालत, धापा टाकत, ओटा पलीकडच्या काठाला ओढत नेला. शिडी तोतारामने एकट्याने खांद्यावर आणली. सूर्य तोवर केळीच्या शेंड्यांना टेकला होता.

बेबाबाई पुन्हा उतरली, पुन्हा बसली. पाय पाण्यात गेले. उन्हाचा तांबडा पट्टा तळ्यावरून सरकत आला, तिच्या उजव्या गालावर. ती किती वेळ हललीच नाही. मग तिने डोक्यावरचा पदर काढला आणि खांद्यावर टाकला, थोरला दीर दहा हातांवर उभा असताना. लग्न होऊन या गावात आल्यापासून घराबाहेर तिचं डोकं कुणी उघडं पाहिलं नव्हतं. माहेरी मात्र लेकी डोक्यावर पदर घेत नाहीत.

मोतीलालने मान वळवली आणि तो घराकडे निघून गेला.

इतक्या वर्षांत तोतारामला तिच्याजवळ असं नुसतं बसावंसं वाटलं नव्हतं, ते आज वाटलं. त्याने चपला काढल्या आणि शिडीवर एक पाय ठेवला. बांबू करकरला.

बेबाबाईने मागे पाहिलं नाही.

"जवाईनी घाटवर येवानं नही," ती म्हणाली.

तोतारामने पाय मागे घेतला. बांधावर बसला, धोतर सारखं केलं, आणि आतून आता चहा येईल अशा बेताने नीट मांडी घातली.