डकोटाचा खांदा

हँगरचं दार सरकत बंद झालं. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता, आणि मनोरमाबाई मनगटावरच्या पट्ट्याकडे बघत उभ्या होत्या.

त्यांनी जोडून उभं केलेलं जुनं डकोटा विमान अकरा वर्षं ताडपत्रीखाली होतं. त्याच्या पत्र्यात ओल शिरली, की विमानाशी जोडलेल्या त्या पट्ट्यातून ती बाईंच्या सांध्यांत दुखायची. डावा पंख म्हणजे डावा खांदा, चाकं म्हणजे गुडघे. पट्टा काढला असता, तर गंज कुठे लागतोय ते कुणालाच कळलं नसतं.

विमानासाठी हँगर बांधायची फाइल सचिव देवस्थळींनी तीनदा परत पाठवली. चौथ्या वेळी बाईंनी पट्टाच त्यांच्या हाताला बांधला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "बाई, मला शर्ट घालता येईना. सही केलीय, पट्टा न्या."

आता विमान हँगरच्या छपराखाली कोरडं उभं होतं. बाईंनी डावा हात वर केला. कितीतरी पावसाळ्यांनी तो कानाला टेकला.

"आणि गुडघे?" फिटर यमुनेनं विचारलं.

"डावा थांबला. उजवा दुखतोय अजून."

यमुना घाबरून विमानाच्या उजव्या चाकाशी बसली, हात फिरवून बघू लागली. चाक कोरडं होतं.

"ऊठ गं," बाई हसून म्हणाल्या, "तो माझा स्वतःचा आहे."