पुढच्या वाढदिवसाचं वय

मानपाड्याच्या राघो म्हात्रेंचं उद्या हृदयाचं ऑपरेशन होतं. वॉर्डात आल्यापासून ते नुसते छताकडे बघत पडले होते. त्यांचं मन रमावं म्हणून कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवणारी त्यांची सून कल्पिता लॅपटॉप घेऊन शेजारी बसली.

"बाबा, व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेला डबा. 'वय' नावाच्या डब्यात तुमचं वय ठेवा आणि त्यात एक मिळवा. पुढच्या वाढदिवसाचं वय येईल."

अठ्ठावन्न वर्षांच्या राघोंनी एका बोटाने टाइप केलं. उत्तर आलं, ५८१.

"पाचशे एक्याऐंशी?" पायाशी बसलेली त्यांची बायको शालू ओरडली. "अवो, तवर भाकऱ्या मीच थापू काय?"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा ताडकन उठून बसले. "माझंपण टाका. ऐंशी!" त्यांना आठशे एक मिळाल्यावर वॉर्डात रांगच लागली. सलाइनची बाटली हातात धरून एक जण थेट कोपऱ्यातून आला.

कल्पिताला हसू आवरेना. "अहो बाबा, तुम्ही वय अवतरणचिन्हात लिहिलंत. मग कॉम्प्युटर त्याला आकडा नाही, अक्षरं समजतो. अक्षरांची बेरीज होत नाही, ती नुसती एकमेकांना चिकटतात."

तिने अवतरणचिन्हं काढली. ५९ आलं.

रांग हिरमुसून आपापल्या खाटेवर परतली. राघो मात्र त्या आकड्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं,

"पोरी, एवढं तरी नक्की ना?"