शेवटी उतरणारी

"आई, माझा हात सोडू नकोस," शाल्मलीनं पुन्हा बजावलं. संग्रहालयातल्या जुन्या विमानात शिरल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. हवाई सुंदरी म्हणून आईनं हे विमान ज्या कंपनीचं, तिच्यातच उभी हयात घालवली, पण हल्ली तिला स्वतःचं घरही आठवेना. ओळखीचं काही दिसलं तर ती भानावर येईल, ही लेकीची वेडी आशा.

अचानक दिवे गेले. जळका वास सुटला, लोक ओरडायला लागले आणि आईचा हात सुटला.

"सामान राहू द्या! इकडून चला!" अंधारात खणखणीत आवाज घुमला. कुणीतरी खांद्याला धरून शाल्मलीला दाराबाहेर काढलं. तो आवाज आईचाच होता, हातही तिचाच.

सगळे खाली उतरले. आई मात्र दिसेना. शाल्मली परत जिन्याकडे धावणार, तोच आई पदर सावरत दारात आली आणि सावकाश उतरली.

"घाबरलात का बाई? आत कोणी राहिलंय तुमचं?"

"आई होती माझी..."

"काळजी करू नका. शेवटची रांग बघूनच मी उतरते," आई हसून म्हणाली. "आत कुणीच राहिलेलं नाही."