चाळीस बैठका

"शिकायला जानारी बाई डोळं सुजवून परत येती व्हय गं?"

हरणाबाईंनी सुनेच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि ओसरीवर उपडी केली. रुमाल, पाण्याची बाटली, एसटीची तिकिटं, एक निळं कार्ड. पुस्तक एकही नाही.

दर गुरुवारी राणी आटपाडीहून सांगलीला जायची. गेल्या श्रावणात, सातव्या महिन्यात, तिचं लेकरू मेलेलं जन्मलं. तेव्हापासून ती लागेल तेवढंच बोलायची. दिवाळीनंतर हे सांगलीचं निघालं. नवरा सूरज तिकडं कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामावर. मग संशय येईल नाही तर काय?

"ह्या रेघा कसल्या कार्डावर?"

"मानसोपचाराच्या कोर्सची अट हाय, आत्याबाई. बी.ए. झालेलं पायजे, मुलाखत द्यायची. त्याच्या आधी आपुन सवता चाळीस बैठका डाक्टरम्होरं बसून बोलायचं. एका बैठकीला एक रेघ. दुसऱ्याचं मन उघडायचं तर आदी आपलं उघडाय लागतंय."

"आन मग रडायचं?"

"त्ये बी येतंय त्यात."

चुलतसासरे हंबीरराव तंबाखू मळता मळता हसले. "वेड्याचा डाक्टर व्हायला आदी सवता वेडं व्हायचं म्हनं! वयनी, कुनाला तरी भेटत आसंल ही. उद्यापास्नं सांगली बंद."

"घर माझं हाय, भावजी. बंद का चालू, त्ये मी बघून सांगती. मला फसवनारं अजून जन्माला यायचंय."

ती काही नुसती बढाई नव्हती. मेंढरांचं मन हरणाबाईंइतकं वाडीत कुणालाच कळत नव्हतं. कोकरू मेलेली मेंढी पान्हा चोरायला लागली, की त्या मेलेल्या कोकराचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायच्या. मेंढी हुंगायची आणि पाजायची. "कातडं खोटं, पर दूध खरं," म्हणायच्या.

सकाळी हरणाबाई एकट्याच एसटीत बसल्या. सांगलीत कार्ड दाखवत दाखवत पत्ता गाठला. मानसोपचार केंद्राच्या खिडकीत अफसाना नावाची मुलगी बसली होती.

"आमची राणी हितं काय करती?"

"आजी, आत कोन येतं, कशाला येतं, त्ये आमी सख्ख्या आईलाबी सांगत न्हाई."

"लय शानी हायस. मग कोर्सच्या अटी तरी सांग. त्यात तर गुपित न्हाई?"

अफसानानं भिंतीवरचा कागद वाचून दाखवला. हरणाबाईंनी परत वाचायला लावला. मग तिसऱ्यांदा.

"संपला?"

"संपला, आजी."

त्या बाकावर टेकल्या. शेजारी एक बाई पदरानं डोळे पुसत होती. तिच्याकडं न बघताच हरणाबाईंनी आपली पाण्याची बाटली पुढं सरकवली.

संध्याकाळी हंबीरराव उंबऱ्यावरच वाट बघत होते. राणी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"काय वयनी? सुनंनं बनवलं न्हवं तुमाला?"

"बनवलं की."

हंबीररावांनी मांडीवर थाप मारली.

"चाळीस न्हाईत, ऐंशी लागत्यात." हरणाबाई चपला काढत करवादल्या. "तीनदा वाचून घेतलं मी. घाबरून निम्मंच सांगितलं ह्या भवानीनं."

तव्यावरची भाकरी करपली. कोर्सला एकाही बैठकीची अट नव्हती; चाळीसाची ती अट राणीनं स्वतःच मनानं रचली होती.