आधी मिटवून या

चर्चमध्ये पाळकसाहेब प्रभुभोजनाच्या मेजाशी थांबले आणि दर महिन्याप्रमाणे म्हणाले, "कुणाचं कुणाशी वाकडं असेल, त्यानं आधी मिटवून यावं." मग त्यांनी डोळे मिटले. मंडळीनेही मिटले. हे थांबणं तसं नावापुरतंच होतं. तेवढ्यात लोक घसा खाकरून घेत, बायका पदर सारखा करत. आजवर त्यात कोणी उठलं नव्हतं.

आज सुलाबाई उठली. सतरंजीवरच्या बायकांना ओलांडत ती दाराकडे निघाली. तिची धाकटी जाऊ राहीबाई पुढेच बसली होती. तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. आपलं तोंड बघवत नाही म्हणून ही निघाली, असं तिला वाटलं. इतरांनाही तसंच वाटलं.

वाटण्यासारखंच होतं. सुलाबाईचा एकुलता विलास तीन वर्षांपूर्वी, ऐन ऊस-गळिताच्या दिवसांत, फलटणहून येताना अपघातात रस्त्यावरच गेला. मोटारसायकल राहीबाईचा पप्पू चालवत होता. एक हात हँडलवर, दुसऱ्यात मोबाईल. पुढे उसाची ट्रॉली उभी होती, ती त्याला दिसलीच नाही. पप्पूचा नुसता पाय अधू झाला. तेव्हापासून त्याने चर्चची पायरी चढली नाही. सुलाबाई येत राहिली, पण प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आपल्यापर्यंत आलं की ती ते तसंच पुढे सरकवायची. मनात एवढा राग ठेवून घ्यायचं कसं?

रोज पहाटे ती गुडघे टेकायची. "देवा, त्येचा राग जाऊ दे. गेला की मी आपनहून जाते त्येच्याकडं." एखाद्या दिवशी खरंच हलकं वाटायचं. गेला बाई राग, असं म्हणून ती चुलीकडे वळायची. तोवर रस्त्यावरून एखादी मोटारसायकल जायची आणि पुन्हा सगळं उसळून यायचं. आज गेला, उद्या आला. या खेळाने ती पार कावून गेली होती.

शेवटी गेल्या रविवारी तिने पाळकांना गाठलं. "मनापासनं वाटल्याबगर क्षमा केली तर ती खोटी न्हाई का हुणार?"

पाळक म्हणाले, "सुलाबाई, क्षमा करा असं शास्त्रात आहे. वाटेल तेव्हा करा, असं कुठं आहे का ते बघा बरं."

तिने आठवडाभर बायबलात बघितलं. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून बघितलं. सापडलं असतं तर तिला हवंच होतं.

आता चर्चबाहेर पडून ती भर उन्हात चालत होती. देवाच्या कामाला निघालं की मन शांत होतं, असं तिने लोकांनी चर्चमध्ये उभं राहून दिलेल्या साक्षीत कितीदा ऐकलं होतं. तिचं मात्र तसं काही झालं नाही. उलट जावेचं घर जवळ येईल तसा राग वाढत गेला. वाटेत ती दोनदा माघारी वळली आणि दोनदा पुन्हा पुढे निघाली.

पप्पू पडवीत एकटाच बसला होता. तिला पाहून तो खांबाला धरून धडपडत उठला. मार खायला उभा राहावा तसा उभा राहिला.

"पप्पू, मला तुजा राग येतो," सुलाबाई म्हणाली. "लय येतो. आत्ता तुला बघून बी आला."

ती पायरी चढून पडवीत आली.

"पन क्षमा कर म्हनून लिवलंय. म्हनून केली. चल उपासनेला."

पप्पूला रडू फुटलं. तीन वर्षांत तो कोणासमोर रडला नव्हता. बाहीने तोंड पुसत त्याने मान हलवली. "आवं काकू, कशाला नेताय मला? मला माफी मिळाल्यागत वाटतच न्हाई."

सुलाबाईने त्याचा दंड घट्ट धरला.

"मला तरी कुठं दिल्यागत वाटतंया? चल."