पांढऱ्या ट्यूबा

सलग तिसऱ्या वर्षी कापूस बुडाला, तेव्हा माझ्या मुलानं, इंद्रजितनं, मागच्या खोलीत गांजा लावायचं ठरवलं. त्यानं खिडकीला पोतं ठोकलं, कुंड्या भरल्या आणि लाइट आणायला मला पांढरकवड्याला पाठवलं. म्हाताऱ्या बाईचा संशय कोणाला येणार, असं तो म्हणाला.

जब्बारभाईंचं दुकान आमच्या चाळीस वर्षांच्या ओळखीचं. मी त्यांना सांगितलं, कोंबडीची पिल्लं पाळायची आहेत. त्यांनी लगेच पिवळे बल्ब काढले.

"हे नको, फार तापतात," इंद्रजितनं पढवलेलं मी बोलले. "पांढऱ्या ट्यूबा द्या. सहा."

"एका खोलीत सहा? पिल्लं का शाळेत जाऊन राह्यले, वैनी?"

तेही हसले, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जब्बारभाई आमच्या दारात उभे होते. एका हातात दहा पिल्लांची टोपली, दुसऱ्या हातात एक पिवळा बल्ब.

"पिल्लं माह्या घरवालीनं, रौशननं देल्ले," ते हळूच म्हणाले. "पिल्लायले ऊब लागते, वैनी. एवढा उजेड झाडायले लागते."

टोपली देताना त्यांनी मागच्या खोलीकडं पाहिलं नाही. माझ्याकडंही नाही.