तळ्यावरचा वाचक

भरदुपारी शेरीफने कळवलं, की ऑरिन फ्लाडमार्कचा शोध थांबवला आहे. गोठलेल्या तळ्यावरून गाडी नेताना बर्फ फुटून तो गाडीसकट खाली गेला होता आणि बर्फाला पडलेलं भगदाड पुन्हा गोठूनही गेलं होतं.

गावच्या बातम्यांची वेबसाइट चालवणाऱ्या मार्लिसने शोध थांबवल्याच्या बातमीचा मथळा टाइप केला. बातमी तिने अजून प्रसिद्ध केली नव्हती. तरीही, कोण कुठून वाचतंय ते दाखवणाऱ्या नकाशावर एक ठिपका उमटला. तो तळ्याच्या मधोमध होता.

"डेल, हे बघ जरा."

शेजारी बसून सँडविच खाणारा डेल हसला. "मासे बातम्या वाचायला लागले वाटतं! अगं, ठिकाण चुकतं कधी कधी." मग त्याचा घास तोंडातच राहिला. "पण प्रसिद्धच न झालेलं पान उघडलं कुणी?"

मार्लिसने घाईघाईने ते पान काढून टाकलं. ठिपका हलला नाही. उलट, बातमी एकदा शेअर झाल्याचं नकाशाखाली दिसू लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. ऑरिनची बायको ब्यूला बोलत होती. आनंदाने तिचा आवाज कापत होता.

"मार्लिस, ऑरिनने तुझी बातमी पाठवलीय मला. जिवंत आहे गं तो!"

मार्लिसने नकाशावरच्या ठिपक्याकडे बघत विचारलं, "आणखी काही लिहिलंय का त्यांनी?"

"हो, पण मला अर्थच लागत नाहीये," ब्यूला म्हणाली. "लिहिलंय, 'डोक्यावर तुम्हा सगळ्यांची पावलं ऐकू येत होती. मग परत का फिरलात?'"